पाचवीची अकरा मिनिटं

"मुलांना मी उत्तरं सांगितली असतील तर माझी जीभ झडो!"

असं म्हणत पाचवीच्या बाई खुर्चीत कोसळल्या, आणि भाऊजींचं बिस्किट चहात विरघळून गेलं. बिस्किटाचं दुःख गिळून भाऊजी सावरून बसले. खाजगी गुप्तहेर असलेल्या वहिनींचे ते धाकटे दीर, मदतनीस आणि, त्यांच्या स्वतःच्या मते, निम्मा मेंदू.

हकिगत अशी. शाळा सरकारची, टॅब कंपनीचे, असा दोघांचा भागीदारीचा करार. पहिल्या आठवड्यात पाचवीने गणितात चुकांचे ढीग रचले. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र चाळीस मुलांची मिळून एकही चूक नाही! कंपनीचे साहेब म्हणाले, ही लबाडी आहे. आज चार वाजता टॅब परत जाणार आणि बाई घरी.

"टॅबच्या तासाला तुम्ही वर्गात असता?" वहिनींनी विचारलं.

"नाही हो. पलीकडे चौथीला शिकवते, त्यांचे टॅब यायचेत अजून. करारातच लिहिलंय, टॅब असले की शिक्षक लागत नाही."

"वा!" वहिनी उठल्या. "भाऊजी, चप्पल घाला."

शाळेत पहिले भेटले हेडमास्तर. ते खडूंवरून तापले होते. "टॅब आल्यापासून पाचवीच्या फळ्यावर पडदा टाकलाय, पाट्या-वह्या बंद केल्यात. तरी पंधरा दिवसांत खडूंची दोन खोकी गायब! खडू काय उंदीर खातात?"

शिपाईमामा मात्र खुशीत होते. "पाचवीची पोरं गुणाची. वर्गाची फरशी ओल्या फडक्याने स्वतःच पुसतात. मला केरसुणी लावावी लागत नाही."

"हा मामाच खडू विकतो," भाऊजी वहिनींच्या कानात कुजबुजले.

"आणि गणितं कोण सोडवतं? खडू विकत घेणारा?"

भाऊजींनी मामांना मनातल्या मनात सोडून दिलं.

पाचवीच्या वर्गात कंपनीचा तंत्रज्ञ टॅब तपासत होता. मुलं मैदानावर होती. "उत्तरं फुटणं शक्य नाही," तो म्हणाला. "चाळीस टॅबना चाळीस वेगळे प्रश्न, तेही रोज नवे. एकच गंमत आहे. प्रश्न उघडल्यावर अकरा-बारा मिनिटं कुठल्याच टॅबला बोट लागत नाही. मग सगळी उत्तरं पटापट येतात."

"आणि चुकीचं उत्तर दिलं तर?"

त्याने मुद्दाम चुकीचं बटण दाबलं. टॅबने असा काही हंबरडा फोडला की भाऊजी दचकून फरशीवरच बसले. मध्ये अर्ध्या उंचीची लाकडी भिंत होती. तिच्या पलीकडे अख्खी चौथी खो खो हसत सुटली.

"आवाज बंद होत नाही का?"

"नाही. चूक मुलाच्या लक्षात राहायला हवी, असं तज्ज्ञांचं मत आहे."

भाऊजी कण्हत उठले. त्यांच्या विजारीला मागे पांढराफटक पट्टा उमटला होता. तो पाहून वहिनी इतक्या मनमोकळ्या हसल्या, की भाऊजींना चौथीचाही राग आला नाही.

चार वाजता सगळे पाचवीत जमले. बाई दाराशी उभ्या होत्या. मुलं बाकांवर बसली होती.

"लबाड कोण ते सांगा," साहेब घड्याळ पाहत म्हणाले.

"कोणीच नाही," वहिनी म्हणाल्या. "चाळीस वेगळे प्रश्न, तेव्हा एकाने सगळ्यांना उत्तरं सांगणं अशक्य. म्हणजे गणितं मुलंच सोडवतात. पण कुठे? पाट्या-वह्या नाहीत, फळ्यावर पडदा. खडू मात्र संपतात, आणि या वर्गाची फरशी रोज पुसलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! उत्तर भाऊजींच्या विजारीवर होतं. फडक्यातून सुटून फरशीवर उरलेला खडू."

"पण एवढा खटाटोप कशासाठी?"

"तुमच्या हंबरड्यासाठी. एक चुकला की धाकटी चौथी अख्ख्या पाचवीला हसते. पहिला आठवडा मुलांनी सोसलं. मग ठरवलं, खाली फरशीवर मांडायचं, एकमेकांचं तपासायचं, सगळ्यांचं बरोबर आल्याशिवाय टॅबला कोणी हात लावायचा नाही. ती तुमची अकरा मिनिटं."

पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीने खिशातून खडू काढला. "फरशी खराब केली म्हणून बाई रागावतील, असं वाटलं."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी तिला उचलून कडेवर घेतलं आणि रडता रडता हसायला लागल्या.

"एवढं काय अवघड आहे त्यात?" साहेबांनी टॅब ओढला. अर्धा अधिक एक तृतीयांश. त्यांनी ऐटीत दाबलं, दोन पंचमांश.

हंबरडा! भिंतीपलीकडे चौथी हसत सुटली. इकडे पाचवी तोंडावर हात दाबून बसली, कारण हे दुःख तिला ठाऊक होतं.

चष्मेवाली कडेवरून उतरली आणि तिने साहेबांपुढे खडू धरला. "काका, आधी खाली मांडायचं. छेद सारखे करून घ्या. आम्ही तपासतो."

साहेब बसले. चाळीस डोकी त्यांच्याभोवती वाकली. अकरा मिनिटांनी त्यांनी पाच षष्ठांश दाबलं, आणि टॅब मुकाट राहिला.

साहेब उठले तेव्हा त्यांच्या विजारीलाही मागे पांढरा पट्टा होता. "टॅब राहतील," ते म्हणाले. "बाईही राहतील, आणि टॅबच्या तासाला याच वर्गात. करारात मी खडू घालून घेतो."

"आणि हंबरडा?" चष्मेवालीने विचारलं.

"तो उद्याच काढतो."

"एक दिवस थांबा ना, काका," ती म्हणाली. "उद्यापासून चौथीला टॅब मिळणार आहेत."