येतो मग

मामाची ड्रिल मशीन परत द्यायला गेले होते. मशीन कोपऱ्यात ठेवली, चपला घातल्या आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "जाते." आमच्याकडची मोठी माणसं या एका शब्दावर अंगावर धावून येतात. जाते काय, येते म्हणावं! म्हणून तर मी हट्टाने जाते म्हणते.

मामा ओरडला नाही. उलट मान हलवून म्हणाला, "बरोबर म्हणतेस."

मी चपला काढल्या. मामेभावाने मोबाइल पालथा ठेवला. मामा म्हणजे पाल्हाळाचा राजा, म्हणून आधीच बजावलं, की दहा मिनिटांत उरक. त्याने उठून दाराची कडी लावली आणि मगच सुरुवात केली.

त्याच्या शाळेतला एक मित्र बाहेरच्या लोकांना जुनं शहर दाखवायचा. संध्याकाळी टॉर्च घेऊन निघायचा आणि गल्लीबोळातल्या गमती सांगायचा. भिंतीवर नुसतं रंगवलेलं घड्याळ, कोऱ्या भिंतीला जाऊन थडकणारा जिना. रोज तेच शब्द, तेच विनोद, म्हणून त्याचं नाव पडलं पोपट.

फेरीच्या शेवटी एक दार यायचं. घर केव्हाच पाडलेलं, रस्त्याकडची भिंत आणि दार तेवढं उभं. दारामागे विटा रचून सगळं बंद केलेलं. पोपट कडी वाजवायचा. कुणी आहे का घरात? मग कान लावून थांबायचा. नाही? बरं, येतो मग. लोक खो खो हसायचे. वर्षानुवर्षं त्या एका वाक्यावर टाळ्या घेतल्या त्याने.

मागच्या डिसेंबरचा दुसरा शनिवार, रात्री साडेआठची फेरी. पोपटाची बायको नर्स. तिला अचानक रात्रपाळी लागली, म्हणून सहा वर्षांच्या पोरीला त्याने बरोबर घेतलं. वेणी काही त्याला घालता येईना. केस मुठीत धरून पिवळा रबर गुंडाळला. पोरगी आरशात बघून म्हणाली, बाबा, हा तर झाडू झाला.

दारापाशी आले. नेहमीसारखी कडी वाजवली.

"कुणी आहे का घरात?"

थांबला.

"नाही? बरं. येतो मग."

लोक हसले. त्या हसण्यात, दाराच्या अगदी पलीकडून, एका म्हातारीचा आवाज आला.

"कधी?"

पोपटाला वाटलं, घोळक्यातलं कुणीतरी गंमत करतंय.  तरी त्याने लोकांना घाईघाईने पुढे काढलं. कोपऱ्यावर जाऊन टॉर्च वर केला. पोरगी नव्हती.

एक बाई म्हणाल्या, ती छोटी तुमची का? ती मागेच थांबलीय. कुणा आजींशी बोलत होती.

मामा थांबला. पाणी प्यायला. मी म्हटलं, पुढे सांग ना. 

पोपट पळत मागे आला. गल्ली रिकामी. हाक मारली.

काही नाही.

मग दारापलीकडून हसणं आलं. त्याच्या पोरीचं.

त्याने दार बडवलं. धक्के मारले. मागे विटा. दार हलेना.

"आजी... पोर द्या माझी."



"नुसतं येतो, येतो म्हणतोस..." आवाज रागावलेला नव्हता. थकलेला होता. "मी वाट बघते रे."

पोपटाने कपाळ दाराला टेकवलं. आयुष्यात निघताना कधी न उच्चारलेला शब्द त्याने उच्चारला.

"मी येणार नाही, आजी. खोटं बोलत होतो. मी... जातो."

काहीच नाही. कितीतरी वेळ, काहीच नाही.

मग मागून एका छोट्या हाताने त्याचं बोट धरलं.

त्याने वळून पोरीला कडेवर उचललं. तिने दाराकडे मान वळवली. शहाण्या मुलीसारखं, घरी शिकवलेलं, हात हलवत म्हणू लागली, "आजी, ये..."

त्याने तिचं तोंड दाबलं. घट्ट. आणि पळाला.

घरी दिवा लावला नाही. अंधारातच तिला झोपवलं आणि उजाडेपर्यंत उशाशी बसून राहिला.

सकाळी बायको पाळीवरून आली. खिडकी उघडली. पोरगी पालथी झोपली होती. पिवळा रबर कुठेच नव्हता. पाठीवर दोन वेण्या होत्या. सारख्या, घट्ट, टोकाला पांढऱ्या दोऱ्याने बांधलेल्या.

बायकोने एक वेणी हातात घेऊन पाहिली. हसून नवऱ्याकडे वळली.

"कधी शिकलास?"