नकार देणाऱ्या लाल गाई

शिनो दुपारी कामाच्या खोलीत गेली ती फक्त गाई खोक्यात भरायला. बाहेर जपानातल्या आइझुचा बर्फ आवाज न करता पडत होता. फळीवर चाळीस लाल कागदी गाई ओळीने उभ्या होत्या. या गाईचं डोकं दोऱ्याने टांगलेलं असतं. बोट लावलं की ती ‘हो, हो’ करत मान डोलावते. प्रवासी तिला नेतात ते या होकारासाठीच.

सासूबाई जाऊन अठ्ठेचाळीस दिवस झाले होते. एकोणपन्नासाव्या दिवसापर्यंत गेलेलं माणूस घर सोडत नाही, हे शिनोला ठाऊक होतं. पण तिला जास्त धास्ती होती वाकानाची. वाकाना म्हणजे गरम झऱ्यावरच्या हॉटेलची मालकीण. आज गाई मिळाल्या नाहीत तर ती शहरातून यंत्रावरच्या आणणार होती, आणि तिची मागणी गेली की दुकान बंदच. रंगाचा प्रत्येक हात दोन दिवस सावलीत वाळवायचा, हा सासूबाईंचा नियम. शिनोने तो मोडून गाई शेगडीजवळ मांडल्या होत्या.

तिने पहिल्या गाईकडे हात नेला. गाईने मान हलवली. वरखाली नव्हे, डावीकडून उजवीकडे.

खिडकी बंद होती. मग दुसरीने मान हलवली, तिसरीने, आणि बघता बघता साऱ्या ओळीने. कुणी रेशमी बाही सावरावी तशी सळसळ खोलीभर झाली. खारवलेल्या आलुबुखाराचा वास आला. सासूबाई दिवसभर तोच चघळत असायच्या.

“अहो…” ती कुजबुजली, “जरा इकडे या. हळू.”

तिचा नवरा तोकुजी आला आणि उंबऱ्यावरच बसला. “आई अश्शीच मान हलवायची.”

“मग बोला की त्यांच्याशी. तुमची आई आहे.”

“ती जिवंत असताना तरी कधी बोललो का मी? तूच बोल. तुझ्याशी भांडायची सवय आहे तिला.”

तेवढ्यात वाकाना आत आली, मागे हॉटेलात उतरलेल्या एक पाहुण्या बाई. “वहिनी, झाल्या ना गाई? या ओसाकाच्या बाई मुद्दाम बघायला आल्यात.”

“झा…ल्या,” शिनो म्हणाली. चाळीस माना नाही, नाही म्हणाल्या.

“काय कारागिरी आहे,” ओसाकाच्या बाई म्हणाल्या.

शिनोने एका गाईच्या पाठीवर अंगठा टेकवला. ठसा उमटला.

“नाही झाल्या,” ती म्हणाली. “रंग कच्चा आहे. खरवडून पुन्हा लावायला हवा. आठवडा लागेल.”

“यंत्रावरच्या उद्या येतात, वहिनी.”

“मग त्या घ्या.” तिने रिकामं खोकं बाजूला सारलं.

ओसाकाच्या बाई गाईंकडे बघत म्हणाल्या, “जिथे गाईसुद्धा कच्चा माल विकू देत नाहीत, तिथलीच मला हवी. मी आठवडाभर राहते.”

आठवड्याचा मुक्काम म्हटल्यावर वाकानाचा सूर मवाळ झाला. “बरं, आठवडा तर आठवडा.”

सळसळ थांबली. टोकाच्या गाईने, जणू फार जिवावर आल्यासारखी, एकदाच मान खाली केली आणि वर घेतली. अठरा वर्षांच्या संसारात शिनोला मिळालेला तो पहिला होकार. ती बाहीत तोंड खुपसून रडली.

दुसऱ्या दिवशी भिक्षूंनी मंत्र म्हटले, सासूबाईंना निरोप दिला. आठवड्याने गाई हॉटेलात पोचल्या. सगळ्या शहाण्यासारख्या ‘हो’ म्हणत होत्या.

चार दिवसांनी वाकानाचा फोन आला. आवाज अगदी खाली.

“वहिनी, एक गाय आम्ही स्वयंपाकघरात ठेवलीय. सार ढवळायला घेतलं की ती मान हलवते… आडवी.”

शिनोने जरा विचार केला. “मीठ कमी करून बघा.”

“केलं.”

“मग?”

“मान थांबली, वहिनी. पण आता ती… आमचा आचारी जाईल तिकडे तोंड वळवून बघते.”