मरायचं पोरांनीच कावून?

यशोधरा कॉलेजच्या हॉलमध्ये शिरली ती केवळ पंख्याखाली बसायला. स्टेजवर एक उंच पोरगा विष पिऊन मरत होता... सावकाश, ऐटीत. तिला हसू फुटलं.

मेलेला पोरगा कोपरावर उठला. "मयताला हसतात का?"

"मेलास कावून, ते तरी सांग."

"ती मेली असं वाटलं म्हणून. दोघांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्याचं वैर... जुनं विलायती नाटक हाय."

"वैर म्हाताऱ्यांचं अन् मरायचं पोरांनी?" ती तापलीच. "ह्याला प्रेम म्हणतात? खून हाय हा."

मागून नाटक बसवणारे परमेश्वर सर म्हणाले, "नायिका मिळत नव्हती. मिळाली."

तो पोरगा अमरसिंह. माजलगावकडच्या सुंदररावांचा मुलगा. घरी ऊस, गाडी, गावावर वचक. यशोधरा पाटोद्याची, बौद्ध घरातली. वडील बन्सी एसटीत कंडक्टर. अंबाजोगाईच्या ह्या कॉलेजात तालमीला दोघं रोज भेटू लागले. हात धरायचा प्रसंग आला, की तो आधी तळवा पँटीला पुसायचा आणि नेमकं वाक्य विसरायचा.

"पुन्हा विसरलास?"

"तू बघत होतीस..."

"मग कुठं बघू, भिंतीकडं?"

"नको. मग मी भिंतीवर जळीन."

ती तोंड फिरवून हसायची. होस्टेलवर जाताना तिला त्याचीच वाक्यं पाठ असायची.

प्रयोगाच्या आठवड्यात दोघांचा तालमीतला, हात धरलेला फोटो गावभर फोनवर फिरला. सुंदरराव कॉलेजात आले, सरांच्या खोलीत बसून गेले. दुसऱ्या दिवशी सर मान खाली घालून म्हणाले, "यशोधरा, तू... तब्येतीचं कारण सांग. दुसरी मुलगी उभी करू."

"माझी तब्येत ठणठणीत हाय, सर. खरं कारण सांगा."

"ते म्हणाले, नाटकात का होईना, माझ्या पोरानं त्या वस्तीतल्या पोरीचा हात धरायचा न्हाई."

अमरसिंह दारातच उभा होता. बोलला नाही. तिला सुंदररावांपेक्षा ते गप्प राहणं जास्त झोंबलं.

ती तडक बसस्टँडवर आली. मागोमाग तो धापा टाकत आला.

"नाटक सोडलं मी. तुझ्याबिगर करणार न्हाई."

"मघाशी जीभ कुठं गेलती?"

"भ्यालो." तो खाली बघत म्हणाला. "पण तुझ्यासाठी मी जीव—"

"जीव द्यायचं नाव काढू नको. त्या नाटकात पोरांची प्रेतं बघून म्हातारे हात मिळवतात. तुझ्या बापाला शहाणपण यायला आपली प्रेतं लागणार असतील, तर त्यांनी अडाणीच राहावं. मला मरणारा नकोय, अमर. चारचौघांत बोलणारा पाहिजे."

त्यानं तिथंच वडलांना फोन लावला.

"आबा, मला यशोधराशी लग्न करायचंय... न्हाई, नाटकात न्हाई. खरंच."

पलीकडचा आवाज शेजारच्या बाकापर्यंत ऐकू आला. घरात पाय ठेवू नको, असं ते म्हणत होते.

"बरं, आबा." त्यानं फोन ठेवला. "आता?"

तिचा राग गेला नव्हता. सुंदररावांवरचा तर जन्मभर गेला नसता. पण हा पोरगा घाबरला होता, तरी बोलला होता. पाटोद्याची गाडी फलाटाला लागली.

"आता माझ्या बापाला सांग. ते बी सोपे न्हाईत," ती म्हणाली, आणि सगळ्या स्टँडदेखत त्याचा हात धरून गाडीत चढली.