आठ एमएमची पिन

वडीगोद्रीला हारुनभाईंच्या बेअरिंगच्या दुकानात दैवशाला उभी होती, आणि शेजारच्या माणसाच्या मोबाइलमधून तिचाच आवाज येत होता.

"मशीनमध्ये काहीतरी आधी तुटलं पाहिजे," मोबाइलमधली दैवशाला सांगत होती. "महागाचं वाचावं म्हणून स्वस्तातलं तुटायला ठेवायचं. त्यालाच शिअर पिन म्हणतात."

खरी दैवशाला मात्र ओठ घट्ट मिटून काउंटरकडे बघत राहिली. जालन्याच्या एका कारखान्यात ती आठवडाभर मशीनची ड्रॉइंग काढायची आणि रविवारी घरी व्हिडिओ बनवायची. गाजर कापून, कणकेचा गोळा दाबून ती मशीनची गणितं सोपी करून सांगे. पण व्हिडिओत दिसायचे ते फक्त तिचे हात. पोरगी मशीन शिकवते म्हटल्यावर लोक हसतील, एखादी चूक निघाली तर गावभर बोभाटा होईल, ही धास्ती तिला पहिल्या दिवसापासून होती.

हारुनभाईंनी त्या माणसाला "काय कल्याण, कुंभार पिंपळगाव काय म्हणतंय?" असं विचारलं आणि तिच्या छातीत धस्स झालं. दर रविवारी व्हिडिओखाली पहिला प्रश्न विचारणारा, कुंभार पिंपळगावचा वेल्डिंगवाला कल्याण तो हाच. ज्याच्या प्रश्नाची ती, खोटं कशाला बोला, सकाळपासून वाट बघायची.

त्याने वळून विचारलं, "तुम्ही बघता का ह्यांचे व्हिडिओ?"

तिने नुसती मान हलवली… नाही म्हणून. तोंड उघडलं असतं तर चोरी तिथेच पकडली गेली असती.

"बघत जा. मला कॉलेज न्हाई भेटलं, ह्या मॅडम भेटल्या." मग जरा थांबून, हळूच, "हात लई समजूतदार हायेत त्यांचे."

दैवशालाने दोन्ही हात ओढणीखाली घेतले.

आईची चारा कापायची कडबा कुट्टी आहे, तिला ही पिन बसवायची, असं तो हारुनभाईंना सांगत होता. चाऱ्यात खडा आला, रोलर अडकला, की पिन तुटणार आणि मशीन थांबणार. आठ एमएमची पिन चिमटीत धरून त्याने तिच्यावर दोन जागी नख ठेवलं. "शाफ्टातून आरपार जाती. इथं कापंल, आन् इथं." दैवशाला ऐकत कुठे होती? ती त्याची वेल्डिंगच्या ठिणग्यांनी डागाळलेली बोटं बघत होती. जाताना त्याने एकदा मागे वळून बघितलं, हसला, आणि मोटारसायकल निघून गेली.

मग तिनेही तसलीच एक पिन मागितली. हातात आली, आणि तिच्या कानात ते शब्द पुन्हा वाजले. इथं कापंल, आन् इथं.

दोन जागी! आणि तिने व्हिडिओत हिशोब धरला होता एकाच जागेचा. म्हणजे पिन लागते त्याच्या दुप्पट मजबूत. सहा एमएमची पुरली असती, तिथे ती आठची सांगून बसली होती. खडा अडकला तर पिन तुटणारच नाही. तुटेल ते पातं, आणि ते उडेल समोर चारा घालणाऱ्या बाईच्या अंगावर.

हारुनभाईंकडून नंबर घेऊन तिने फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. गाडीवर असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. तासाभराने पुन्हा लावला, मग लावतच राहिली. कुट्टी चालू असली की फोन ऐकू येत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर जीव आणखी खालीवर होऊ लागला. शेवटी तिने स्कूटीच काढली.

तीर्थपुरीत तिने गाडी बाजूला घेतली. मनात एक वंगाळ विचार आला होता… व्हिडिओ पुसून टाकावा आणि परत फिरावं. तोंड कुणी बघितलंय? कशाला काही होतंय? पण झालंच तर? त्या माणसाने आईसाठी केलेलं काम, आणि ते तिच्यावर विश्वास ठेवून. तिला रडू फुटलं, आणि रडतच तिने गाडी पुढे काढली.

कुंभार पिंपळगावात घर विचारावं लागलं नाही. बाजारतळामागून कुट्टीची घरघर ऐकू येत होती. पदर खोचून कल्याणची आई, उषाबाई, मक्याची पेंडी आत सारत होत्या. हात रोलरपासून वीतभर.

"बंद करा! कल्याण, बटन बंद करा आधी!"

शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातून धावत येऊन त्याने बटन पाडलं. पातं फिरत फिरत थांबलं. कल्याण मशीनकडे बघेचना, तो तिच्याकडे बघत होता. आवाज ओळखला होता त्याने.

दैवशालाने एका दमात सगळं सांगितलं. मी चुकले, पिन दोन जागी कापली जाते, मी एकच धरली. खाली बसून कल्याणने पिन ठोकून बाहेर काढली. आता हा पुन्हा कधी आपलं ऐकणार नाही, असं तिला वाटलं. उषाबाईंनी तिला बाजेवर बसवून पाणी दिलं.

"फोन करायचा होता," कल्याण शेवटी म्हणाला.

"अकरा वेळा केला."

त्याने मोबाइल बघितला. "एवढ्या लांब… निस्त्या पिनसाठी आल्ता?"

"पिनसाठीच निघाल्ते," ती खाली बघत म्हणाली, "तीर्थपुरीच्या पुढं… तुमच्यासाठी."

मग तिने आपला मोबाइल त्याच्या हातात दिला आणि चूक दुरुस्त करणारा व्हिडिओ इथेच काढायचा म्हणाली. या वेळी चेहऱ्यासकट. 'मी दैवशाला. मागच्या व्हिडिओत माझं चुकलं,' एवढं बोलून तिने वर बघितलं, तर मोबाइल हलत होता.

"नीट धरा ना."

"धरूनच राह्यलो. पर भेव वाटून राह्यलं."

"कशाचं?"

"तुमच्या बाबांकडं यावं म्हणतो. कॉलेज न झालेला वेल्डिंगवाला… न्हाई म्हणले तर?"

दैवशालाने डोळे पुसले.

"भीत भीत या," ती म्हणाली. "मी बी तशीच आल्ते."