१९३१ची विहीर

सोसायटीला पन्नास वर्षं होणार, म्हणून ‘आपली जागा पूर्वी कशी होती’ असा फलक करायचं काम कमिटीने अपूर्वाच्या गळ्यात मारलं. भूगोलाची शिक्षिका ना ती! मुलुंड पूर्वेच्या त्या तीन इमारतींच्या जागी एकेकाळी भातखाचरं होती. तिने १९३१च्या मोजणी नकाशाची नक्कल काढली, तिच्यावर आजच्या इमारती लाल पेनाने आखल्या. एक विहीर निघाली. बरोबर सी विंगच्या जिन्याखाली.

"विहीर कशाला दाखवतेस गं?" सेक्रेटरी चंद्रप्रकाश वैतागले. "रिडेव्हलपमेंट तोंडावर आलंय. बिल्डर पळेल ना!"

"नकाशात आहे, काका. मी नाही खणलेली."

पण फलक रंगवायच्या आधी तिने पुन्हा पाहिलं, तर विहीर पार्किंगमध्ये होती. स्वतःच्या धांदरटपणाला शिव्या घालत तिने नवी झेरॉक्स काढून सगळं परत आखलं. चार दिवसांनी विहीर बी विंगच्या दाराशी! झेरॉक्सवाल्या रतनवर ती जाम भडकली.

"कागद सरकवतोस का रे?"

"मॅडम, कागद सरकला तर सगळंच सरकेल ना. एकटी विहीर कशी सरकेल?"

त्याचं बरोबर होतं, म्हणून ती आणखीच चिडली. अर्ध्या दिवसाची रजा टाकून नकाशांच्या कार्यालयात गेली आणि मूळ नकाशाच समोर मागवला. कापडावर डकवलेला, कडा तपकिरी पडलेल्या. पट्टी लावून तिने तीनदा मोजलं. रस्ता जागच्या जागी. बांध जागच्या जागी. विहीर ए विंगखाली, तळमजल्याच्या डाव्या कोपऱ्यात.

तिथे तिचं स्वयंपाकघर होतं.

दुपारी दोनला ती धापा टाकत घरी पोचली. तिच्या सासूबाई, मालनताई, ओट्यापाशी जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या.

"आई, बाहेर या."

"एवढी जुडी होऊ दे गं."

"आधी बाहेर या हो!"

सुनेचा असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. पुटपुटत, गुडघे धरत त्या उठल्या आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या.

अपूर्वा दारातूनच फरशी बघत राहिली. कुठे तडा नाही, ओल नाही. तिला स्वतःचाच संताप आला. एका कागदापायी म्हाताऱ्या बाईवर ओरडलो आपण!

त्या चिडीत हातातली किल्ली निसटून आत पडली.

आवाज झाला नाही.

किल्ली समोर दिसत होती. पांढऱ्या लादीवर, मेथीच्या काड्यांशेजारी.

ती वाकली नाही.

बऱ्याच वेळाने, खूप खालून, ‘डुबुक्’ झालं.

"पाण्यात काय पाडलंस गं?" बाहेरून सासूबाईंनी विचारलं.