धाडच्या बाजारातला हिरो

"ओ मॅडम, भेंडी माह्या उजव्या बाजूले हाये. तुमी कवाच्या डाव्या बाहीवरच कॅमेरा धरून राह्यल्या!"

बुलढाण्याजवळच्या धाड गावच्या आठवडी बाजाराचं चित्रण करणारी संजीवनी एकदम ओशाळली. भाजीच्या ढिगाऱ्यामागे बसलेल्या त्या तरुणाची डावी बाही कोपरापाशी दुमडून पिनेने टाचलेली होती. आणि खरंच, तिची नजर तिथेच अडकली होती.

"मॅडम नोका म्हनू. उंद्रीची हाय मी."

"मंग तं घरच्याच! पाहून घ्या फुकट. भेंडी मात्र इकत घ्या लागन," तो डोळे मिचकावत म्हणाला.

त्याचं नाव गोकुळ. चार वर्षांपूर्वी मळणीयंत्राने हात नेला, तरी अडीच एकरांत भाजी पिकवून तो स्वतःच विकत होता. संजीवनी स्वतःच्या हिमतीवर सिनेमा करणारी. पडद्यावर वऱ्हाडी बोलणारा माणूस आला की तो हसवायला येतो, अपंग आला की रडवायला. हे तिला मोडायचं होतं. तिच्या नव्या कथेचा नायक एका हाताचा होता, आणि तो तिला आत्ता सापडला होता.

"माह्या सिनेमात काम करान का?"

"दया आली का?"

"दया आली असती तं भेंडी घेऊन गेली असती. मले हिरो पाह्यजे."

पुढच्या रविवारी आपल्या शेतातल्या विहिरीच्या काठावर बसून गोकुळने सगळी कथा ऐकली. शेवटी नायक नायिकेचं दुसऱ्याशी होणारं लग्न दुरून पाहतो आणि मुकाट्याने निघून जातो.

"काऊन?" त्याने विचारलं. "हात गेला म्हनून मनही गेलं का त्याचं? अन् त्या पोरीले इचारलं का कोनी?"

संजीवनीने वहीची शेवटची पानं पुन्हा उलटून पाहिली. ज्या खोडीशी ती भांडायला निघाली होती, ती तिच्याच लेखणीत बसली होती. तिने तिथेच शेवटची पाच पानं फाडली.

मग दर रविवारी तालीम होऊ लागली. तो टमाट्याचे वेल बांधायचा – सुतळीचं एक टोक दातात, दुसरं बोटांत – आणि बांधता बांधता संवाद म्हणायचा. ती वही घेऊन सरीत उभी असायची. कधी श्रावणाची सर यायची, वही ओढणीखाली जायची... आणि दोघंही झोपडीकडे पळायचं विसरायचे.

शेगावला एका निर्मात्याने त्यांना भेटायला बोलावलं. कथा त्याला आवडली होती. "फक्त नायक नावाजलेला घेऊ. हात काय, संगणकावर पुसता येतो. आणि भाषा जरा शुद्ध करा."

"शुद्धच हाये ते," संजीवनी म्हणाली आणि उठली.

स्टेशनवर गोकुळ रुळांकडे पाहत म्हणाला, "हो म्हना. माह्यापायी तुमचा सिनेमा नोका बुडवू."

"तुमच्याशिवाय तो माहा सिनेमाच नाही."

"हट्टीच हाये तुमी!"

"हाव. उंद्रीची हाय."

बुलढाण्याच्या एक मास्तरीणबाई नायिका झाल्या, कॅमेरा उसना मिळाला, आणि पाच माणसांनी एकोणीस दिवसांत सिनेमा पुरा केला. गोकुळ कुठेच अडखळला नाही. शेवटचा प्रसंग संपला, मंडळी सामान आवरू लागली, तेव्हा संजीवनी त्याच्यापाशी आली.

"आता तालमी नाही..." ती म्हणाली.

"हाव... रविवार मोकळा झाला तुमचा."

"नाही करायचा मले मोकळा. मले तुमच्यासंगं राहाचं हाये – सिनेमात नाही, खरंखुरं."

गोकुळच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. "लोकं म्हनतीन, बाईनं सिनेमासाठी नाटक केलं."

"म्हनू दे. लोकायले काय दाखवाचं ते मी पाहीन. तुमचं काय?"

"माहं काय..." त्याने दुमडलेल्या बाहीची पिन चाचपली. "तुमी पहिल्या रविवारी गेल्या ना, तवापासून हप्ता लय मोठा वाटून राह्यला मले."

संजीवनीने त्याचा हात घट्ट धरला. "मंग उद्या घरी चाला. बाबाले मीच सांगीन."

दुसऱ्या दिवशी उंद्रीच्या ओसरीवर संजीवनीचे बाबा हिंमतराव अडकित्ता हातात धरून सगळं ऐकत होते. लेक एका दमात बोलली, एक शब्दही गिळला नाही. हिंमतरावांची नजर गोकुळच्या बाहीवर गेली आणि तिथेच थांबली.

"वावर किती हाये?" हिंमतरावांनी अखेर विचारलं.

"अडीच एकर. भाजीपाला करतो."

"पानी?"

"इहिरीले हाये. उन्हाळाभर पुरते."

"उन्हाळाभर?" म्हातारा सरसावून बसला. "कितीक खोल खंदली बाप्पा?"

आणि मग दोघंही विहिरीबद्दल असे बोलू लागले की संजीवनी कोणाच्या लक्षातच राहिली नाही. ती डोळे पुसत, हसत, चहा ठेवायला आत गेली.