उफराटी डोंगर चढते

खिंडीवरच्या वायरलेस टॉवरला नव्या बॅटऱ्या पोचवायच्या, आणि त्याही बर्फ पडायच्या आत! मोहीम एवढीच होती. सांगायला एका ओळीची, पण करायची वेळ आली तेव्हा भल्याभल्यांनी हात वर केले.

खिंडीपलीकडे मोठं पठार होतं. तिथल्या विखुरलेल्या मेंढपाळ वस्त्यांना मिळून एकच दवाखाना आणि दवाखान्यात एकच नर्स. डॉक्टरीणबाई बसायच्या खाली गावात. पठारावर कुणाचं दुखलंखुपलं की नर्स वायरलेसवर हाक मारायची, टॉवर ती हाक डोंगरावरून अलीकडे पोचवायचा आणि डॉक्टरीणबाईंचा आवाज थेट रोग्याच्या उशाशी जायचा. उन्हाळ्यात टॉवरच्या जुन्या बॅटऱ्यांनी मान टाकली आणि टॉवर मुका झाला. त्यातच दरड कोसळून गाडीरस्ता गेला. आता बर्फ पडलं की पायवाटाही बंद होणार आणि ती नर्स अख्खा हिवाळा रोग्यांसकट एकटी पडणार. अडलं तर विचारायला कुणी नाही.

ती नर्स म्हणजे लेथताईची धाकटी बहीण.

लेथताईला गावात दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. गावाच्या टोकाच्या वर्कशॉपात ती लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, चालवायची. दोन तुकड्यांतला केसाएवढा फरक तिला अंगठ्याने कळायचा आणि तो दुसऱ्याला कळला नाही की ती चिडायची. तिचा नवरा रेडिओ आणि वायरलेस दुरुस्त करायचा. त्याच्या दुकानातून सदोदित एकच आवाज यायचा, म्हणून गाव त्याला खरखर म्हणायचं. स्वभावाने मात्र तो लोण्याहून मऊ. मोहिमेतला तिसरा गडी म्हणजे तिचा सख्खा मामा. जन्मभर ट्रक चालवून म्हातारा झालेला, आणि तोंड इंजिनाआधी सुरू करणारा!

गावातून खिंडीवर जायला एक उभी पायवाट होती. हातपाय टेकत माणूस कसाबसा चढायचा, पण एकेक बॅटरी उचलायलाच दोघं लागत. त्या वाटेने ती नेणं अशक्य. उरली फक्त नाळ. डोंगराच्या पोटातून वर गेलेला, दगडधोंड्यांनी भरलेला ओढ्याचा घसा.

पहिल्या खेपेला ते मामाची छोटी चढाऊ गाडी घेऊन त्या नाळेत शिरले होते. गाडी इमानी होती, पण तिची पुढची चाकं नाजूक. प्रत्येक चाक आपापल्या लहानशा दांडीवर स्वतंत्र डुलायचं. सडकेवर हे सुख. नाळेत मात्र पहिल्याच मोठ्या दगडावर डावं चाक आत मुडपलं आणि ते फिरवणारा शाफ्ट काकडीसारखा कटकन मोडला. बॅटऱ्या तशाच परत आणाव्या लागल्या. गावाची घरं दिसू लागली तेव्हा लेथताई म्हणाली, "पुढचं सगळं काढून टाकते."

"आणि चाकं काय दोरीने बांधणार?" मामाने विचारलं.

"अख्खा ॲक्सल घालते. या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच जाडजूड तुळई. मोठ्या गाडीला असते तशी. एक चाक दगडावर चढलं की त्याच्याच जोराने दुसरं खाली दाबलं जाईल. जमीन सोडायची नाही!"

"ताई, गाडी केवढी, ॲक्सल केवढा!"

"मामा, तुझा अनुभव केवढा आणि शंका केवढ्या!"

मग वर्कशॉपात जे काही घडलं ते बघायला गल्लीतली माणसं कामं टाकून यायची. जुन्या दांड्या कापल्या गेल्या. गुंडाळी स्प्रिंगांच्या जागी पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा आल्या. त्यांना धरणारे कान लेथताईने स्वतः कापले, घासले, वेल्ड केले. भंगारातून एका मोडक्या ट्रकचा ॲक्सल मिळाला. घोटाळा एकच! त्याचा गिअरांचा गोळा डावीकडे होता आणि गाडीतून येणारा शाफ्ट उजवीकडे.

"त्यात काय? उलथा करून लाव!" मामा म्हणाला. आणि उत्साहाच्या भरात लेथताईनेही तो खरंच उलथा करून लावला.

चाचणीच्या दिवशी सगळी गल्ली जमली. मामाने ऐटीत गिअर टाकला. मागची चाकं पुढे जायला निघाली आणि पुढची चाकं मागे! गाडी जागच्या जागी धूळ उडवत कुथत राहिली. ॲक्सल उलथला की चाकांची फिरण्याची दिशाही उलटते, हे तिघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. लोक पोट धरधरून हसले आणि गाडीचं बारसं झालं: उफराटी!

दुसरी बाई असती तर दार लावून बसली असती. लेथताई सगळ्यांबरोबर हसली, मग बाही सरसावून गाडीखाली शिरली. उजव्या गोळ्याचा ॲक्सल मिळेपर्यंत तिने भंगाराचे ढीग उपसले. तो बसला तेव्हा उफराटी आधीपेक्षा हातभर उंच, रुंद खांद्यांची आणि अशी काही रुबाबदार दिसू लागली की हसणारेच हात फिरवून जाऊ लागले. खरखर तर बायकोकडे असा बघत राहिला, की हातातलं तापलेलं सोल्डरिंग आयर्न त्याने स्वतःच्याच चपलेवर टेकवलं.

डोंगरमाथ्यावर करडे ढग बसू लागले त्या सकाळी ते निघाले. स्टिअरिंगवर लेथताई, शेजारी मामा, मागे बॅटऱ्यांना मिठी मारून खरखर.

नाळेच्या तोंडाशी पाणी होतं, गुडघाभर आणि बोचरं गार. उफराटी त्यात निर्धास्त उतरली. शेवाळलेले धोंडे चाकांखाली कुरकुरले, पण सरकले नाहीत. पुढे दोन्ही कडे जवळ येत गेले, आभाळाची नुसती पट्टी उरली. मागच्या खेपेला शाफ्ट मोडला होता तो दगड आला. डावं चाक दगडावर चढलं, उजवं खाली दाबलं गेलं, पाट्यांनी कण्हल्यासारखा आवाज केला... आणि गाडी पलीकडे!

"वा रे माझ्या वाघिणी!" मामा ओरडला. तो हे गाडीला म्हणाला की भाचीला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

खरी परीक्षा त्यापुढे होती. तिथे नाळेत दगडांच्या कमरेएवढ्या पायऱ्या होत्या. खरखर खाली उतरून पुढे गेला आणि हातांनी दिशा दाखवू लागला. पहिली पायरी चढली. दुसरी चढली. तिसरीवर उजवं चाक वर गेलं आणि डावं दोन धोंड्यांमधल्या खड्ड्यात खोल लोंबकळलं. ॲक्सल इतका तिरका झाला की मामाने डोळेच मिटले.

फट्!

बारीकसा आवाज. लेथताईने ब्रेकवर पाय दिला. पेडल थेट तळाला टेकलं!

"ब्रेक गेला!"

गाडी मागे सरकू लागली. मागे दोन पायऱ्या, त्याखाली धोंडे! लेथताईने इंजिन बंद केलं आणि पहिल्या गिअरमध्येच क्लच सोडला. गाडीला हिसका बसला. चाकं थबकली. पुन्हा बोटभर सरकली! मामा उडी मारून बाहेर पडला, मिळेल तो धोंडा उचलला आणि मागच्या चाकाखाली कोंबला. खरखरने धावत येऊन दुसऱ्या बाजूला दगड लावला. उफराटी थांबली.

मग लेथताई गाडीखाली गेली. पुढच्या चाकाच्या ब्रेकची रबरी नळी ताणून तुटली होती आणि तेल दगडांवर ठिबकत होतं. तिने नळीचं टोक हातात धरलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, माझंच चुकलं! लेथवर कुठलीही वस्तू आधी घट्ट बांधायची, मग मापायची. हीच सवय. मी नळीचं माप घेतलं ते गाडी सपाट फरशीवर उभी असताना. ॲक्सल लोंबकळेल तेव्हा नळी किती लागेल, ते बघितलंच नाही! दोष ॲक्सलचा नाही. त्याला मोकळं लोंबकळता येतं म्हणून तर घातला, आणि मीच त्याच्या गळ्यात आखूड दोरी बांधली."

"आता रडत बसायचं का?" खरखर हळूच म्हणाला. "तुझ्या पेटीतली पक्कड दे."

"पक्कड कशाला, मी करते." आणि तिने केलंच. पुढच्या चाकांकडे जाणारी नळी तुटल्या जागेच्या अलीकडे दुमडून पकडीत आवळली, पक्कड तारेने बांधली, बाटलीतलं होतं नव्हतं ते तेल ओतलं. मामाने पेडल दाबून दाबून नळ्यांतली हवा काढली. पुढचे ब्रेक गेले ते गेलेच, पण मागचे धरू लागले. अशी अर्ध्या ब्रेकची गाडी पायऱ्या चढली! दर पायरीला खरखर आणि मामा मागून दगड लावत होते, आणि लेथताई गाडीला अशी हळुवार नेत होती, जणू झोपलेलं मूल कडेवर आहे.

नाळ संपली आणि घसारा लागला. सबंध उतार सुट्या, निसरड्या खड्यांचा. वारा अंगावर येत होता. पहिले हिमकण काचेवर आपटले. गाडी आडवी घसरली तर थेट दरीत!

"सरळ वर घाल!" मामा म्हणाला. "थांबू नकोस. थांबलीस तर रुतलीस!"

लेथताईने इंजिनाचा सगळा जोर चारही चाकांना दिला. खडे मागे उडाले. पुढचा भाग उजवीकडे ओढला गेला. तिने स्टिअरिंग फिरवलं. पुन्हा ओढला गेला! हात भरून आले. गाडी चढत होती, घसरत होती, आणि घसरता घसरता चढतच होती. त्या लोखंडी तुळईने एकदाही जमीन सोडली नाही. शेवटच्या टप्प्यावर मागचं एक चाक दरीच्या काठावर गरगर फिरू लागलं. पुढच्या दोन्ही चाकांनी दगड धरला, जोर लावला आणि सगळी गाडी ओढून माथ्यावर आणली.

समोर टॉवर होता. त्याच्या पायथ्याशी दगडी खोली.

तिघांनी मिळून बॅटऱ्या आत नेल्या. खरखर तारा घेऊन बसला. लेथताई बाहेर आली आणि तिने उफराटीला निरखून पाहिलं. हिमकणांनी टप पांढरा होऊ लागला होता. मग तिने रेडिएटरचं पाणी सोडून दिलं.

"हे काय करतेस?" मामा दचकला.

"पाणी गोठलं तर इंजिन फुटेल. ही इथेच राहणार, मामा. उतरताना सगळा भार पुढच्या चाकांवर येतो आणि पुढे ब्रेक नाही. आपण पायवाटेने उतरू."

"अगं, एवढा जीव ओतलास तिच्यात! हिवाळाभर उघड्यावर?"

"जीव ओतला तो इथवर यायला. आपण आलो." तिने चाकांना चारी बाजूंनी दगड लावले, काच पोत्याने झाकली आणि बॉनेटवर तळवा टेकून क्षणभर उभी राहिली. मामाने तोंड फिरवलं.

एवढ्यात आतून खरखर ऐकू आली. नवऱ्याची नव्हे, खरी!

लेथताई धावत आत गेली. यंत्रावरचा लाल दिवा लागला होता. खरखर माईकमध्ये हाका मारत होता, "पठार, पठार, ऐकू येतंय का?" उत्तर नाही. त्याने एक तार घट्ट केली. पुन्हा हाक. नुसतीच खरखर. मामाने तिचा हात धरला.

"...कोण? भावोजी? भावोजी, तुम्ही?"

लेथताईने माईक अक्षरशः हिसकावला. "धाकटे! मी आहे गं! कशी आहेस? खातेस ना वेळेवर? सरपण भरलंस का? आम्ही नाळेतून आलो, गाडी घेऊन आलो! तुला सांगते, पुढचा ॲक्सलच बदलला, आणि मग तो ब्रेक..."

"गाव बोलतंय," यंत्रातून तिसरा आवाज आला, खणखणीत, सगळ्यांच्या ओळखीचा. डॉक्टरीणबाई! "पठार, तुझा आवाज स्वच्छ येतोय. काही आहे का?"

"आहे, डॉक्टर! लहान मुलगा आहे, सकाळपासून छातीत सूं सूं वाजतंय, ओठ निळसर दिसतायत, मला कळत नाही की..."

"धाकटे, त्याला आधी नीट बसव," लेथताई मध्येच म्हणाली, "आणि तू घाबरू नकोस, मी..."

"ताई, तू जरा गप्प बस ना! डॉक्टर बोलतायत!"

लेथताईने माईक खाली ठेवला. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती हसत होती. डॉक्टरीणबाई एकेक गोष्ट विचारत गेल्या, धाकटी सांगत गेली, आणि ते तिघं डोंगरमाथ्यावरच्या त्या खोलीत श्वास रोखून, अगदी गप्प बसून ऐकत राहिले.